घरी शिकणारी मुलं आणि घरात येणारं बाळ: मुंबईतल्या आयांचे नेहमीचे प्रश्न

मोठी मुलं शाळेत न जाता घरीच शिकतायत आणि त्यात पुन्हा दिवस गेलेत, अशा आयांचे फोन मला नेहमी येतात. माझी मुलगी सात वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा असताना आमच्याकडे तिसरं बाळ आलं. आम्ही मुलुंडला वन बीएचकेमध्ये राहतो, नवरा फोर्टला नोकरीला जातो, आणि मुलांचं शिकणं अजूनही घरीच चालू आहे. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तब्येतीबद्दल जे लिहिलंय ते सर्वसाधारण आहे. तुमच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

मुलांना शाळेत न घालणं बेकायदेशीर आहे का? ऐन बाळंतपणात कुणी चौकशीला आलं तर?

मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर कायद्याचा प्रश्नच येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, आणि तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम १० मध्ये मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य सांगितलंय. ते पाळलं नाही तर पालकांना शिक्षा किंवा दंड मात्र या कायद्यात नाही. होमस्कूलिंगचा त्यात उल्लेखच नाही, म्हणजे परवानगीही नाही आणि बंदीही नाही. तेव्हा ‘काही प्रश्नच नाही, बिनधास्त करा’ म्हणणाऱ्यांवर विसंबू नका आणि ‘पोलीस येतील’ म्हणणाऱ्यांना घाबरूही नका.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक घरोघरी फिरतात. ते बिचारे नेमून दिलेलं काम करत असतात. त्यांना बसायला सांगा, पाणी द्या आणि फाइल दाखवा. फाइलमध्ये जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, तारखा घातलेल्या वह्या, मुलांनी काढलेली चित्रं, फिरायला गेलात तिथली तिकिटं. ही फाइल सातव्या महिन्याच्या आत नीट लावून ठेवा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ती कुठे आहे ते माहीत असू द्या.

पुढे प्रमाणपत्राची वाट आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे टप्पे आहेत, आणि चौदा वर्षं पूर्ण झाली की त्यांच्याकडून दहावीला बसता येतं. महाराष्ट्राचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. शाळेत न जाता बाहेरून बोर्डाच्या परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तर आपल्या आईवडिलांच्या पिढीपासून सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या अटी मात्र आधी वाचून ठेवा. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी यातलं काहीही या वर्षी ठरवायची गरज नाही.

पहिल्या तीन महिन्यांत उठवतसुद्धा नाही. शिकवायचं कसं?

शिकवू नका. अगदी मनापासून सांगते, या काळात सुट्टी जाहीर करा. शाळांना मे महिन्याची सुट्टी असते, दिवाळीची असते, गणपतीची असते. तुमच्या घरची मोठी सुट्टी जुलैत आली तर काय बिघडलं? आणि ती ‘सुट्टी’ म्हणूनच सांगा. रोज सकाळी वह्या काढायच्या आणि दहा मिनिटांत आईला उलटी आली म्हणून मिटायच्या, याने मुलं जास्त बिथरतात.

बहुतेक बायकांची मळमळ चौथ्या महिन्याच्या आसपास ओसरते. तोवर जे चालेल ते आडवं पडून चालेल असंच असू द्या. मूल तुम्हाला वाचून दाखवेल, तुम्ही डोळे मिटून ऐकाल. अडलं तर ते शब्दाची अक्षरं म्हणेल, तुम्ही जोडून सांगाल. बेरजा तोंडी होतात. पाढे तर झोपूनच जास्त छान होतात, लयीत म्हणायचे असतात ना. भेंड्या, कोडी, ‘माझ्या मनात एक प्राणी आहे, ओळख’ हे सगळं भाषेचंच काम आहे. लहान भावंडासाठी पलंगाच्या बाजूला एक डबा ठेवा: लाकडी ठोकळे, जाड खडू, कपडे वाळत घालायच्या क्लिपा, रिकाम्या बाटल्या. मणी, शेंगदाणे, हरभरे असलं बारीक काही तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको. तुम्हाला डुलकी लागणारच आहे, आणि नाकातोंडात गेलं तर धावायला तुम्ही जाग्या नसाल.

पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, तर अंगावर काढू नका. ती नेहमीची मळमळ नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जा.

मग मुलं मागे पडणार नाहीत का?

तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा असल्याचं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. मुलाला समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड यावी, यासाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ योजनेनेही तिसरीच्या अखेरीपर्यंतची मुदत ठेवलीय. सरकारने स्वतःला एवढी सवड दिलीय, मग तुम्ही पाच वर्षांच्या पोराला दोन महिन्यांची का देऊ नये?

रोज तीनच गोष्टी धरा. कुणीतरी मुलांना मोठ्याने वाचून दाखवायचं. थोडं आकड्यांशी खेळायचं. आणि मुलाने दिवसभरातलं काहीतरी स्वतःहून सांगायचं किंवा लिहायचं. चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढ्यासाठी अर्धा तास पुरतो, सात-आठच्या मुलाला तास-सव्वा तास. शाळेत चाळीस-पन्नास मुलांत एकेकाच्या वाट्याला बाई किती येतात, ते आठवा म्हणजे हे थोडं वाटणार नाही. पुस्तकांवर खर्चही नको: बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर मोफत मिळतात, आणि १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही ऑनलाइन मोफत वाचता येतात. दुपारी अंथरुणात पडून वाचायला ते फार चांगले आहेत.

मुलांना बाळाबद्दल कधी सांगावं?

आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगत नाहीत. शेजारपाजाऱ्यांसाठी तो संकेत ठीक आहे. घरी शिकणारी मुलं मात्र चोवीस तास तुमच्यासोबत असतात. आई पुन्हा पुन्हा बाथरूमकडे धावतेय, दुपारी झोपतेय, फोडणीच्या वासाने खिडकी उघडतेय, हे त्यांना दिसतं आणि आई आजारी आहे असं ती धरून चालतात. म्हणून आम्ही लवकर सांगितलं. ‘पोटात बाळ आहे, म्हणून मला मळमळतं, मी आजारी नाही’ एवढंच. बोलताना ‘सगळं नीट झालं तर पावसाळा संपता संपता येईल’ अशी सावध भाषा ठेवली.

आणि एकदा सांगितलं की तुमच्या हाती वर्षभराचा अभ्यासक्रम येतो, तोही मुलांना मनापासून हवा असलेला. आम्ही भिंतीवर चाळीस चौकोनांची पट्टी लावली होती, दर आठवड्याला एक रंगवायचा. त्यातून मुलाला दहा-दहाचे गट कळले आणि ‘किती उरले’ ही वजाबाकी तो आपणहून करायला लागला. विसाव्या आठवड्यात बाळ साधारण पंचवीस सेंटिमीटर असतं. फुटपट्टीवर दाखवलं तर मुलं थक्क होतात. पोटातल्या बाळाचं हृदय मिनिटाला साधारण ११० ते १६० वेळा धडधडतं. मुलीला तिच्या मनगटावरची नाडी मोजायला शिकवलं, मग आईची, मग आजोबांची, आणि चारही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले. सगळ्यात लहान जीवाचं हृदय सगळ्यात जलद का, हा प्रश्न तिचा तिलाच पडला. तिथून उंदीर आणि हत्तीपर्यंत जाऊन पोचलो. किराणावाल्याकडचं तीन किलो तांदळाचं पोतं उचलून ‘बाळ जन्मताना एवढं जड असेल’ म्हणून पाहिलं. बाळ आलं कसं, हेही विचारतील. वयाला झेपेल एवढं खरं सांगा. ‘देवाने पाठवलं’ म्हणून थांबलात तर पुढचे प्रश्न ती तुम्हाला विचारणार नाहीत.

एका बाबतीत मी हट्टी आहे. ‘भाऊ हवा की बहीण?’ हा प्रश्न पाहुण्यांना मुलांसमोर विचारू देऊ नका. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गर्भलिंगनिदानावर बंदी आहे, प्रत्येक सोनोग्राफी सेंटरमध्ये तसा फलक असतो. माझ्या मुलीने तो वाचला आणि असा कायदा का लागला म्हणून विचारलं. तिला समजेल अशा शब्दांत मी सांगितलं. त्यानंतर डोहाळजेवणात पेढा-बर्फीच्या वाट्या ठेवायच्या नाहीत असं मी मावशींना आणि आत्यांना फोन करून कळवलं. कुणी फार नाराज झालं नाही. फुलांचे दागिने मुलीने आणि तिच्या आजीने मिळून केले, ओटीचं सामान मुलाने मोजून ताटात मांडलं.

दोघांची वयं वेगळी. एकाच वेळी कसं?

गोष्ट, गाणी, पाहणं, फिरणं, स्वयंपाक हे दोघांना एकत्र. फक्त वाचन-लेखन आणि गणित वेगळं, तेही लहान झोपलेलं असताना. मोठीला लहानाची शिक्षिका बनवायचा मोह फार होतो. आठवड्यातून एखाद-दुसरी गोष्ट तिने वाचून दाखवणं छान. त्यापलीकडे नको, तीही अजून लहानच असते.

घर लहान आहे. बाळ आल्यावर अभ्यास कुठे करायचा?

मुंबईत अभ्यासाची वेगळी खोली कुणाकडे असते? चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पिढ्या शिकल्या, कारण गॅलरी होती, जिना होता, शेजारच्या काकूंचा ओटा होता. तसं घराबाहेरचं एक ठिकाण शोधा. सोसायटीचं कार्यालय सकाळी रिकामं असतं, सेक्रेटरींना विचारून पाहा. सार्वजनिक वाचनालयात बालविभाग असतो. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं, आणि उपनगरांतही जुनी वाचनालयं अजून टिकून आहेत. मुलांच्या नावाने वर्गणी भरा. पुस्तकं बदलून आणणं हे आजोबांचं किंवा बाबांचं काम.

घरात सगळं एका ट्रॉलीत किंवा कापडी पिशवीत ठेवा, म्हणजे बाळ जिथे झोपेल तिथून उठून शाळा दुसरीकडे नेता येते. तुमच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र त्या पिशवीजवळसुद्धा नकोत. लोहाच्या गोळ्या लहान मुलाने गोड समजून खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. कुलपात ठेवा किंवा अगदी वरच्या फळीवर.

पोट दिसायला लागल्यावर मुलांना बाहेर नेणं कितपत जमतं? कुठे जावं?

चौथा ते सातवा महिना हा फिरायचा काळ, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर. शहराचा जेवढा उपयोग करून घ्यायचा तो याच दिवसांत करून घ्या. नंतर बराच काळ जमत नाही.

लोकलचं आधी सांगते. गर्दीच्या वेळा टाळा, अकराच्या पुढे निघा आणि चारच्या आत परत या. दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर बाईला प्रवास करता येतो, हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं. चढल्यावर कुणी बोललं तर शांतपणे सांगा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. पूल चढायचा असेल तर सरकता जिना किंवा लिफ्ट कुठल्या टोकाला आहे ते आधी विचारून ठेवा. दोन मुलांना एकटीने घेऊन लोकलने जाऊ नका, सोबत कुणी मोठं माणूस हवंच.

भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्या दारातच असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय ही माझी सगळ्यात आवडती जोडी. दोन्ही बुधवारी बंद असतात. बाग सपाट आहे, झाडं जुनी आणि डेरेदार, बसायला जागोजाग बाकं. तिथले हंबोल्ट पेंग्विन आम्ही मुद्दाम पाहिले, कारण अंडं उबवायला नर आणि मादी आळीपाळीने बसतात, साधारण चाळीस दिवस. हे कळल्यावर मुलाने घरी येऊन बाबांना काय विचारलं असेल ते तुमच्या लक्षात येईल. संग्रहालयात जुन्या मुंबईतल्या माणसांच्या, त्यांच्या पगड्यांच्या आणि व्यवसायांच्या लहान लहान प्रतिकृती आहेत. त्यांच्यासमोर मुलं हवा तेवढा वेळ रमतात.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राजवळ आता मेट्रो ३ चं स्थानक झालंय आणि लिफ्टही आहे, त्यामुळे ते पूर्वीपेक्षा सोपं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ पासून खास मुलांचं संग्रहालय आहे. धारावी-सायनच्या मधलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलंय. कचरा कुठे जातो, हा विषय तिथे उभं राहून शिकवला की वेगळा बोलावा लागत नाही. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ठाणे खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) असतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जा, पण कान्हेरीच्या पायऱ्या या वर्षी बाबांसोबत, तुम्ही खाली सावलीत. ओहोटीच्या वेळी खडकांवर शंख-खेकडे पाहायला जाण्याचंही तसंच. शेवाळावरून पाय घसरतो, आणि पोट पुढे आलं की तोल आधीच गेलेला असतो.

आणि काहीच जमलं नाही तर भाजीबाजार. वजन, भाव, सुट्टे पैसे, ऋतू, कोकणातून काय येतं आणि नाशिकहून काय, हे सगळं एका फेरीत होतं. पिशव्या दुसऱ्या कुणीतरी उचलायच्या.

पावसाळ्यात?

जून ते सप्टेंबर गरोदर बाईने मुंबईत जपूनच राहावं. मलेरिया आणि डेंग्यू गरोदरपणात जास्त त्रास देतात. ताप आला तर घरच्या घरी गोळी घेऊन दिवस काढू नका, रक्त तपासा. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर लेप्टोच्या (घाणेरड्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) प्रतिबंधाबद्दल लगेच डॉक्टरांना विचारा आणि गरोदर असल्याचं आधी सांगा. सर्रास दिली जाणारी डॉक्सिसायक्लीन गरोदर बाईसाठी आणि आठ वर्षांखालच्या मुलांसाठी योग्य नसते, डॉक्टर दुसरं औषध देतात. शेजारणीकडून मागून घेऊ नका.

डासांचं काम मुलांना द्या, कारण त्यात उत्तम विज्ञान आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी केली की साखळी तुटते. दर रविवारी बाबांसोबत पाहणी: कुंड्यांखालच्या बश्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, एसीच्या पाण्याची बादली, खिडकीच्या ग्रिलवरचं डबडं. काय सापडलं ते वहीत लिहायचं. आमच्या मुलांनी पुढे सगळ्या मजल्याची पाहणी सुरू केली आणि शेजाऱ्यांनी कौतुकाने दारं उघडली.

मुलांच्या आजारांचा मला धोका आहे का? आणि त्यांच्या लसी?

बाहेरून आलेल्या मुलाला कांजिण्या किंवा अंगावर पुरळ आणि ताप असेल तर तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी कळवा, तुम्हाला स्वतःला काही झालं नसलं तरी. दुसरं म्हणजे उष्टं. मुलाच्या ताटातलं उरलेलं संपवायची सवय आपल्या सगळ्यांना असते. लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून सायटोमेगॅलो नावाचा विषाणू पसरतो, मुलांना त्याचं फारसं काही होत नाही पण पोटातल्या बाळाला होऊ शकतं. तेव्हा एवढे महिने उष्टं नको, चमचा वेगळा, शेंबूड पुसल्यावर साबणाने हात.

लसींची जबाबदारी होमस्कूलिंगवाल्यांवर जास्त आहे, कारण शाळेत होणारी शिबिरं आपल्या मुलांपर्यंत पोचत नाहीत. पाच-सहा वर्षांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि दहाव्या वर्षीची टीडी (धनुर्वात, घटसर्प) महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळते. बाळ यायच्या आधी मोठ्यांचं जे राहिलं असेल ते पुरं करून घ्या.

नवरा सकाळी जातो तो रात्री येतो. सगळं माझ्यावरच आहे. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर मी जरा कडक देते. मुलांना घरी शिकवायचा निर्णय दोघांचा असेल तर बाळंतपणाच्या वर्षात शिकवणंही दोघांचं असलं पाहिजे. ‘मी तिला मदत करतो’ ही भाषा इथे चालणार नाही. एक विषय पूर्ण त्यांचा. आमच्याकडे गणित बाबांकडे गेलं. रात्री जेवणानंतर वीस मिनिटं आणि रविवारी सकाळी निवांत. लोकलमधून येताना ते दुसऱ्या दिवशीची उदाहरणं वहीत लिहून आणायचे. आता बाळ मोठं झालं तरी गणित त्यांच्याकडेच आहे.

रजेचं आधी ठरवा. तुम्ही नोकरी करत असाल तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, हयात मुलं दोन किंवा जास्त असतील तर १२. खासगी नोकरीत बापाला रजा द्यायचा कायदा आपल्याकडे नाही, म्हणून त्यांनी वार्षिक रजा वर्षभर सांभाळून ठेवायची.

सासूबाई म्हणतात, ‘आता तरी घाल शाळेत, स्वतःकडे बघ.’

त्या काळजीने म्हणतात, हे आधी धरून चला. त्यांना वाद नको असतो, हाती काहीतरी हवं असतं. माझ्या सासूबाईंना मी म्हटलं, ‘आई, मराठी तुम्ही घ्या. तुमच्यासारख्या गोष्टी मला येत नाहीत.’ ते खरंच होतं. मुलांना म्हणी, वाक्प्रचार, ओव्या, भोंडल्याची गाणी त्यांच्याकडून मिळाली, आणि शाळेचा विषय हळूहळू मागे पडला. तुमच्या घरी आजी-आजोबा नसतील तर शेजारच्या निवृत्त बाई, गुरुजी शोधा. आठवड्यातून दोन दुपारी मुलं त्यांच्याकडे गेली तरी तुम्हाला पाठ टेकता येते.

बाळंतपणाला माहेरी जावं का? मुलांच्या अभ्यासाचं काय?

होमस्कूलिंगचा खरा फायदा इथेच आहे. शाळेची परवानगी काढावी लागत नाही, मुलं सोबत येतात. माहेर साताऱ्याला असो नाहीतर चिपळूणला, तिथे विहीर आहे, गोठा आहे, मामा आहे. मात्र प्रसूती कुठल्या रुग्णालयात होणार, तिथे रात्री डॉक्टर आणि रक्ताची सोय आहे का, आधीचं सिझेरियन असेल तर त्यांची तयारी आहे का, हे आधी पाहा. मुंबईतल्या सगळ्या तपासण्यांची फाइल सोबत हवी. आणि शेवटच्या महिन्यावर प्रवास ढकलू नका.

मी रुग्णालयात असताना मुलं कुणाकडे?

दोन नावं ठरवा, एक दिवसाचं आणि एक मध्यरात्रीचं. मध्यरात्रीचं माणूस चालत येण्याइतकं जवळ राहणारं असावं. पावसात लोकल बंद पडू शकते. मुलांची पिशवी भरून दाराशी: कपडे, आवडती चादर, दोन पुस्तकं, औषधं, डॉक्टरांचा नंबर. मोठ्या मुलाला घरचा पत्ता आणि दोन फोन नंबर पाठ हवेत, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायचा हेही. रुग्णालयात लहान मुलांना वॉर्डात सोडतात का ते आधीच विचारा, नाहीतर दाराशी रडारड होते.

रक्तस्राव, पाणी जाणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्याला सूज, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर मुलांच्या सोयीची वाट पाहू नका. शेजारचं दार वाजवा आणि निघा.

सव्वा महिना शिकवणं पूर्ण बंद ठेवावं का?

तुमच्याकडून, हो. सिझेरियन असेल तर नक्कीच, आणि तेव्हा बाळापेक्षा जड काही उचलायचंही नाही, लहान भावंडालासुद्धा नाही. ते पलंगावर चढून कुशीत येऊ शकतं, तसं त्याला आधीपासून शिकवा. बाबा, आजी, वाचनालयाची पुस्तकं यांच्यावर शिकणं चालतं तेवढं चालू द्या. मालिश, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू खुशाल घ्या, पण बंद खोलीत शेगडी आणि धुरी नको. त्या धुराचा नवजात बाळाच्या श्वासावर वाईट परिणाम होतो. आजीला हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलेलं बरं.

बाळ दूध पितं त्या वेळी मोठ्यांना गोष्ट वाचून दाखवणं जमतं. दिवसातून आठ-दहा वेळा तुम्ही बसलेल्याच असता. बाराव्या दिवशी बारशाला पाहुणे येतील तेव्हा मुलाला एक काम हवं: पेढे वाटणं, नावाची पाटी रंगवणं. नाहीतर सगळे पाळण्याभोवती आणि हे कोपऱ्यात.

मोबाईल दाखवला तर चालेल का?

थोडा वेळ, ठरलेल्या वेळी, तुम्ही त्याच खोलीत असताना. जेवताना नको.

बाळ आल्यापासून मोठा वाचायलाच तयार नाही, पुन्हा अंथरूण ओलं करतो.

हे होतं आणि बहुधा काही आठवड्यांत ओसरतं. वाचायला लावू नका, वाचून दाखवा. ‘तू आता मोठा झालास’ हे वाक्य घरातून काढून टाका, कारण मोठं होण्यात त्याला सध्या तोटाच दिसतोय. रोज पंधरा मिनिटं बाळाशिवाय, दार लावून, फक्त त्याचे. बाळ तेवढा वेळ आजीकडे रडलं तरी चालेल. बाळासाठी थांबायला त्याला दिवसभर सांगितलेलं असतं. बाळालाही कधी त्याच्यासाठी थांबावं लागतं, हे त्याला एकदा दिसू द्या.

मलाच रडू येतं. मुलांचा आवाजही सहन होत नाही.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस असं होणं नेहमीचं आहे. दोन आठवड्यांपलीकडे टिकलं, झोप येत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत, चोवीस तास बोलता येतं, मराठीतही. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, घरात एका माणसाला सांगा. त्या दिवसांत मुलांनी काहीच शिकलं नाही तरी चालेल.

शेवटी शाळेतच घालायचं ठरलं तर? प्रवेश मिळेल का?

मिळेल. आणि त्यात हरल्यासारखं वाटायचं कारण नाही. बाळ आल्यावर माझ्या दोन मैत्रिणींनी मुलांना शाळेत घातलं आणि मुलं मजेत आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सहा वर्षांवरच्या, कधीही शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळायला हवा आणि गरज असेल तर वेगळं प्रशिक्षणही. वयाचा दाखला नाही म्हणून प्राथमिक वर्गाचा प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मधे आलात म्हणूनही नाही. महापालिकेच्या आणि अनुदानित मराठी शाळा हे बहुतेक पाळतात. खासगी शाळांत जागा भरल्याचं उत्तर मिळू शकतं, म्हणून तिथे दिवाळीनंतरच चौकशी सुरू करा. मुख्याध्यापकांना भेटायला जाताना ती फाइल न्या, वह्यांसकट. आणि जमलं तर मूल पहिल्यांदा शाळेत जाईल तो दिवस बाळाच्या येण्यापासून दोन-तीन महिने तरी दूर ठेवा, आधी किंवा नंतर. अगदी लागून असला, तर बाळ आलं म्हणून आपल्याला घराबाहेर पाठवलं असं मूल समजून बसतं.